‘सत्तांतर’ : वानरवर्तनाचे कार्य आणि कथनातील हेतू

सारांश

व्यंकटेश माडगूळकर यांची ‘सत्तांतर’ ही कादंबरी १९८२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९८३ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. वानरटोळीतील प्रमुख नराचा पाडाव आणि त्यानंतरची पिल्लांची हत्या हा या कादंबरीचा विषय नरवानर गणाच्या वर्तनशास्त्रातही दीर्घकाळ वादाचा राहिला आहे. प्रस्तुत लेखात त्या वादाच्या प्रकाशात कादंबरीचे पुनर्वाचन केले आहे. वर्तनाचे उत्क्रांतिगत कार्य आणि वर्तन करणाऱ्याचा हेतू या दोन गोष्टींची गल्लत झाल्याने कादंबरीच्या वाचनात काही उणिवा राहिल्या आहेत, तसेच कादंबरीच्या शीर्षकापेक्षा तिचा आशय अधिक व्यापक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : सत्तांतर, वानर, हुप्प्या, पिल्लूहत्या, उत्क्रांती, कार्य, हेतू.

१. प्रस्तावना

मराठी साहित्यात प्राण्यांना स्थान नवे नाही. पंचतंत्राच्या परंपरेतून आलेले माकड चतुर असते, मगरीला फसवते आणि अखेरीस माणसाला नीती शिकवते. हनुमंताच्या रूपाने वानर पूजनीय ठरतो. या दोन्ही परंपरांत वानर हा माणसाच्या सोयीसाठी उभा केलेला असतो. व्यंकटेश माडगूळकर (१९२७–२००१) यांनी ‘सत्तांतर’मध्ये या दोन्ही वाटा सोडल्या. त्यांचे वानर नीती सांगत नाहीत आणि पूजाही मागत नाहीत. ते खातात, हद्द राखतात, माजावर येतात, लढतात, मारतात आणि मरतात. ‘बनगरवाडी’ (१९५५) लिहिणाऱ्या लेखकाची अल्पाक्षरी, निरीक्षणाला धरून चालणारी शैली येथे माणसांऐवजी वानरांच्या वाट्याला आली आहे.

अशा कादंबरीची समीक्षा करताना केवळ साहित्यशास्त्राची परिमाणे पुरेशी ठरत नाहीत. ज्या वर्तनाचे चित्रण लेखकाने केले, त्या वर्तनाविषयी शास्त्र काय म्हणते आणि त्या ज्ञानाने कादंबरीच्या अर्थात काही भर पडते काय, हे पाहणे आवश्यक ठरते. पनवेलसारख्या ठिकाणी तर हा विषय वर्गाच्या खिडकीबाहेरचा आहे. येथून जवळच असलेल्या कर्नाळा अभयारण्याचे क्षेत्र अवघे १२.११ चौरस किलोमीटर आहे. मुंबई-गोवा महामार्ग त्याला लागूनच जातो आणि माकडे व वानर दोन्ही तेथे आढळतात. मराठी विभाग आणि प्राणिशास्त्र विभाग यांना एकाच विषयावर बोलता येईल अशी संधी क्वचितच मिळते. ‘सत्तांतर’ ती संधी देते.

२. कादंबरीची दोन प्रचलित वाचने

‘सत्तांतर’ वाचण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिली रूपकात्मक. कादंबरीचे शीर्षक राजकारणातून आलेले आहे. १९८२ सालच्या मराठी वाचकाच्या कानावर हा शब्द सातत्याने पडत होता. आणीबाणीनंतर १९७७ मध्ये केंद्रात झालेला पालट, १९७८ मध्ये वसंतदादा पाटील यांचे सरकार जाऊन शरद पवार मुख्यमंत्री होणे, १९८० मध्ये ते सरकार बरखास्त होऊन अ. र. अंतुले यांच्याकडे पद येणे आणि जानेवारी १९८२ मध्ये त्यांच्या जागी बाबासाहेब भोसले येणे, हा घटनाक्रम ताजा होता. अशा वेळी टोळीचा प्रमुख बदलतो ही गोष्ट वाचकाने मंत्रालयाशी जोडली तर नवल नाही.

दुसरे वाचन निसर्गनोंदीचे. ‘नागझिरा’ (१९७९) या पुस्तकानंतर माडगूळकरांची रानातील भटकंती वाचकांना परिचित झाली होती. त्यामुळे ‘सत्तांतर’कडे वानरांच्या दिनक्रमाचा विश्वासार्ह वृत्तांत म्हणून पाहिले गेले.

या दोन्ही वाचनांत तथ्य आहे. तथापि दोन्हींत एक प्रश्न सुटतो. रूपकात्मक वाचन ‘हे कोणासारखे आहे?’ असे विचारते. नोंदीचे वाचन ‘हे खरे आहे काय?’ असे विचारते. ‘हे असे का घडते?’ हा प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही. पिल्लांची हत्या हा कादंबरीतील सर्वांत अस्वस्थ करणारा भाग आहे. ती केवळ क्रौर्याची खूण मानली की रूपक पूर्ण होते. केवळ वस्तुस्थिती मानली की नोंद पूर्ण होते. परंतु वाचकाच्या मनातील अस्वस्थता दोन्ही ठिकाणी तशीच राहते. तिचे उत्तर शोधण्यासाठी वर्तनशास्त्राकडे वळावे लागते.

३. धारवाड ते अबू : एका वादाचा इतिहास

वानरांमधील पिल्लूहत्येचा प्रश्न जगाच्या शास्त्रीय चर्चेत आला तो आपल्या शेजारच्या भूमीतून. युकिमारू सुगियामा आणि त्यांचे सहकारी यांनी १९६१ ते १९६३ या काळात धारवाड परिसरातील वानरांचा अभ्यास केला. बाहेरून आलेल्या नरांच्या टोळक्याने एका टोळीवर हल्ला चढवला, तेथील नराला हुसकावले, त्यानंतर त्या टोळक्यातील एका नराने इतरांनाही दूर करून टोळी ताब्यात घेतली आणि टोळीतील पिल्ले मारली गेली, ही हकीकत सुगियामा यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे जोधपूर येथे एस. एम. मोहनोत यांनी १९७१ मध्ये अशाच घटनांचे वर्णन केले. त्याच वर्षी सारा ब्लॅफर हर्डी यांनी अबूच्या पहाडावर निरीक्षणास प्रारंभ केला. त्यांचा ग्रंथ १९७७ मध्ये आला. धारवाड आणि अबू ही दोन्ही ठिकाणे १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होती, हे येथे सहज नमूद करण्यासारखे आहे.

या निरीक्षणांपूर्वीचे चित्र वेगळे होते. फिलिस जे यांनी उत्तर भारतातील कौकोरी आणि बस्तरमधील ओरछा येथे केलेल्या अभ्यासात वानरांचे समाजजीवन शांत, स्थिर आणि सहकार्याचे दिसले होते. त्या काळी प्राण्यांचे वर्तन समूहाच्या हितासाठी असते अशी समजूत प्रबळ होती. त्या चौकटीत पिल्लूहत्या बसत नव्हती. म्हणून तिला विकृती मानण्याकडे कल झाला. गर्दी वाढली, माणसाचा उपद्रव वाढला, म्हणून वानर असे वागतात, असा युक्तिवाद झाला.

हर्डी यांनी प्रश्नाची मांडणी बदलली. वर्तनाचा लाभ समूहाला होतो काय, असे न विचारता तो कोणत्या प्राण्याला होतो, असे त्यांनी विचारले. अबू येथे एका नराचा टोळीवरील ताबा सरासरी सव्वादोन वर्षे टिकत होता. वानरमादीचा गर्भकाळ सुमारे साडेसहा ते सात महिन्यांचा असतो आणि अंगावर पिणारे पिल्लू असेपर्यंत ती सहसा पुन्हा माजावर येत नाही. आधीच्या नराची पिल्ले मोठी होईपर्यंत थांबणाऱ्या नराचा बराचसा काळ वाया जातो. इतकेच नव्हे, तर त्याची स्वतःची पिल्ले उशिरा जन्मल्याने पुढच्या आक्रमकाच्या तावडीत सापडण्याचा धोका वाढतो. पिल्लू मेले की मादी लवकर माजावर येते. म्हणून ज्या नरांकडे ही प्रवृत्ती आनुवंशिक रीतीने असेल, त्यांची संतती अधिक राहील, असे हे गृहीतक आहे.

गृहीतक तपासता येण्याजोगे आहे, हा त्याचा महत्त्वाचा गुण. ते खरे असेल, तर मारणारा नर मारलेल्या पिल्लाचा पिता असता कामा नये. मारली जाणारी पिल्ले बहुतांशी अंगावर पिणारी असली पाहिजेत. आणि पुढच्या पिल्लाचा पिता तोच नर असण्याची शक्यता मोठी असली पाहिजे. नेपाळमधील रामनगर येथील वानरांच्या डीएनए चाचण्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा यांतील पितृत्वविषयक अपेक्षांना पुष्टी मिळाली.

तरीही वाद संपला असे म्हणता येणार नाही. प्रत्यक्ष डोळ्यांदेखत घडलेल्या हत्या तुलनेने थोड्या आहेत, त्यांतील अनेक मोजक्याच ठिकाणच्या आहेत आणि काही पिल्ले हल्ल्याच्या धुमश्चक्रीत अपघाताने मरत असावीत, असा आक्षेप १९९० च्या दशकात घेतला गेला. शिवाय सर्वच वानरटोळ्या एकनर नसतात. अनेक प्रौढ नर असलेल्या टोळ्यांत अशा घटना कमी आढळतात. एकेकाळी एकच मानलेली वानराची जात आता अनेक जातींत विभागली जाते, ही बाबही सरसकट विधाने करताना लक्षात घेतली पाहिजे. आज बहुसंख्य अभ्यासक हर्डी यांच्या स्पष्टीकरणाकडे झुकतात. पण ते ‘वानर असाच वागतो’ असे म्हणत नाहीत, ‘विशिष्ट परिस्थितीत असे वागणे निवडीत टिकले’ असे म्हणतात. या दोन विधानांतील अंतर आपल्या चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

४. कार्य आणि हेतू यांतील भेद

निको टिनबर्गन यांनी १९६३ मध्ये वर्तनाविषयीचे चार प्रश्न वेगळे करून दाखवले. वर्तन कोणत्या उद्दीपनाने घडते, ते प्राण्याच्या आयुष्यात कसे विकसित होते, त्याचे टिकाव धरण्याच्या दृष्टीने कार्य काय, आणि त्या जातीच्या उत्क्रांतीत ते कसे आले, हे ते चार प्रश्न. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी ठेवता येत नाही.

वानराने पिल्लू मारले यामागचे कार्य पिढ्यान्‌पिढ्यांच्या हिशेबात दिसते. तो हिशेब कोणत्याही वानराच्या मनात नसतो. नराला पितृत्व ठाऊक असण्याचे कारण नाही. ज्या मादीशी आपला समागम झालेला नाही तिच्या कडेचे पिल्लू, एवढी साधी खूण त्याच्या वर्तनाला पुरते. ‘आपला वंश वाढावा म्हणून नराने पिल्ले मारली’ असे वाक्य आपण सहज लिहितो, तेव्हा त्यातील ‘म्हणून’ हा शब्द दोन अर्थांनी काम करतो. एक अर्थ निवडीचा, दुसरा इच्छेचा. मराठीत दोन्हींसाठी एकच अव्यय असल्याने गल्लत लपून राहते.

कथात्म साहित्यापुढची अडचण येथेच आहे. कादंबरी एका ऋतूची, एका टोळीची, एका नराची कथा सांगते. हजारो पिढ्यांचे कार्य तिच्या कालपटावर मावत नाही. म्हणून कथनाला हेतू लागतो. हेतूशिवाय पात्र उभे राहत नाही. या पेचातून माडगूळकरांनी काढलेला मार्ग लक्षणीय आहे. ते वर्तनाचे तपशील देतात आणि स्पष्टीकरण राखून ठेवतात. वानरांना त्यांनी नावे दिली आहेत. ही नावे माणसांची नसून अंगलक्षणांवरून व स्वभावावरून पडलेली आहेत. यात साहित्यिक लकब पाहण्याचे कारण नाही. क्षेत्रनिरीक्षकही असेच करतात. अबूच्या वानरांना हर्डी यांनी आणि गोंबे येथील चिंपांझींना जेन गुडॉल यांनी नावेच दिली होती. व्यक्ती ओळखल्याशिवाय कोण कोणाशी कसे वागले, हे नोंदवता येत नाही. नाव देणे ही येथे मानवीकरणाची पायरी नसून निरीक्षणाची पूर्वअट आहे.

म्हणूनच कादंबरीतील हत्येचे प्रसंग वाचताना वाचक नराला खलनायक ठरवू पाहतो, पण मजकूर त्याला साथ देत नाही. निवेदनाचा हा संयम ‘सत्तांतर’चे मोठे बलस्थान आहे.

५. शीर्षकातील सत्ता आणि टोळीतील माद्या

संयमाचा हा न्याय शीर्षकाला मात्र लावता येत नाही. ‘सत्तांतर’ या शब्दाने कथेचे केंद्र प्रमुख नराकडे सरकते. मराठीत या नराला ‘हुप्प्या’ म्हणतात. पहाटे रानात घुमणाऱ्या त्याच्या हुपकाऱ्यावरून पडलेले हे नाव आहे. शेजारच्या टोळ्यांना अंतर राखायला लावण्यात या आवाजाचा वाटा असतो. आवाज त्याचा, सुळे त्याचे, लढाई त्याची. त्यामुळे टोळी त्याची, असा समज सहज होतो.

वानरसमाजाच्या अभ्यासातून दिसणारे चित्र याहून वेगळे आहे. माद्या सामान्यतः जन्मल्या त्याच टोळीत राहतात. नर वयात येताना किंवा त्याआधीच बाहेर पडतात वा बाहेर काढले जातात. म्हणजे आजी, मुलगी, नात, मावशी यांची साखळी हीच टोळीची कायमची बांधणी. झाडे, पाणवठे, निजण्याच्या जागा यांची माहिती या साखळीतून पुढे जाते. नर या बांधणीत दोन-तीन वर्षांचा पाहुणा असतो. ज्याला आपण सत्तांतर म्हणतो, त्यात टोळीची हद्द आणि तिचे नातेसंबंध पुष्कळसे तसेच राहतात. बदलतो तो पुढच्या पिढीचा पिता.

शिवाय माद्या या बदलाच्या केवळ बळी नसतात. अबू येथे वृद्ध माद्यांनी स्वतःला धोका पत्करून हल्लेखोर नराच्या तावडीतून दुसरीचे पिल्लू सोडवल्याची नोंद आहे. पिल्लू वाढवण्याचे वय उलटत आलेल्या मादीने हा धोका पत्करावा, याचेही उत्क्रांतिगत स्पष्टीकरण देता येते. ती सहसा त्या पिल्लाची नातलग असते. काही माद्या पिल्लांसह हुसकावलेल्या नराबरोबर काही काळ बाहेर राहतात. गर्भार मादीही नव्या नराशी समागम करते. त्यामुळे पुढे जन्मणाऱ्या पिल्लाविषयी नराच्या वर्तनात फरक पडत असावा, असे एक गृहीतक आहे. नराच्या डावाला माद्यांचे प्रतिडाव आहेत, हा हर्डी यांच्या ग्रंथाचा अर्धा भाग आहे आणि तोच बहुधा विसरला जातो.

आता ‘सत्तांतर’कडे पुन्हा पाहावे. कादंबरीत माद्यांना स्वतंत्र नावे आहेत, स्वभाव आहेत, त्यांची पिल्ले आहेत. टोळीचे दैनंदिन जीवन त्यांच्याच हालचालींतून उभे राहते. नर बदलल्यानंतरही कथेला जे सातत्य वाटते, ते त्यांच्यामुळे. म्हणजे लेखकाच्या निरीक्षणाने जे टिपले, ते त्याने निवडलेल्या शीर्षकात मावलेले नाही. रूपकात्मक वाचन शीर्षकाचे बोट धरून चालल्याने त्याला दोन नर आणि एक गादी एवढेच दिसते. माद्या प्रजेच्या जागी जाऊन बसतात. मंत्रालयाच्या रूपकासाठी हे सोयीचे असेल, परंतु त्यामुळे कादंबरीतील निम्म्याहून अधिक पात्रे वाचनाबाहेर राहतात. शीर्षकाने राजकीय वाचनाला दिलेले हे आमंत्रण कादंबरीची लोकप्रियता वाढवणारे आणि तिचा अर्थ अरुंद करणारे ठरले, असे म्हणावेसे वाटते.

६. लऊळचा ‘सूड’ : हेतू चिकटवण्याची सवय

वर्तनाला हेतू चिकटवण्याची ही सवय साहित्यापुरती मर्यादित नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यातील लऊळ या गावातून एक बातमी आली आणि काही दिवसांत ती जगभर पसरली. कुत्र्यांनी वानराचे एक पिल्लू मारले, म्हणून वानरांनी सूड घेत कुत्र्यांची अडीचशे पिल्ले मारली, असे तिचे स्वरूप होते. वनविभागाने त्या महिन्यात दोन वानर पकडून दूर नेले. वानर कुत्र्याची पिल्ले उचलून झाडावर किंवा घरांच्या छतांवर नेत आणि तेथून पडून किंवा उपासमारीने ती मरत, असे घटनेचे साधे वर्णन स्थानिक वृत्तांतांत होते. अडीचशेचा आकडा आणि सूडाचा हेतू यांनी मात्र त्या साध्या वर्णनाला मागे टाकले.

सूड म्हणजे विशिष्ट अपराध्याला ओळखून, कालांतराने, त्याला शासन करणे. एका जातीच्या प्राण्याने दुसऱ्या जातीच्या नवजात पिल्लांवर महिनोन्‌महिने असा सूड उगवला, असे म्हणण्यास फार बळकट पुरावा लागेल. उलट वानरांच्या टोळीत दुसऱ्याचे पिल्लू उचलून घेण्याची, कडेवर बाळगण्याची प्रवृत्ती सर्वपरिचित आहे. नवजात पिल्लू जन्मल्यानंतर लवकरच अनेक माद्यांच्या हाती फिरते. या वर्तनाचे कार्य काय, याविषयीही एकमत नाही. तरुण मादीला संगोपनाचा सराव मिळतो, आईला चरायला मोकळीक मिळते, किंवा पिल्लाकडे ओढ असणे हीच उपयुक्त प्रवृत्ती असून उचलेगिरी हा तिचा केवळ आनुषंगिक परिणाम आहे, अशी निरनिराळी स्पष्टीकरणे आहेत. लऊळच्या घटनेला यांपैकी एखादे लागू पडते, असे ठामपणे म्हणण्याइतकी निरीक्षणे नाहीत. प्रत्येक वर्तनाला उत्क्रांतिगत कार्य असलेच पाहिजे, असेही नाही. मुद्दा इतकाच की, सूडाची कथा सांगताना यांपैकी एकही पर्याय कोणी तपासला नाही. कथा आधी तयार होती, वानर नंतर आले.

‘सत्तांतर’ नीट वाचलेल्या समाजाने या बातमीपाशी थोडे थांबायला हवे होते. कादंबरीतील निवेदनाचा संयम वाचकाच्या अंगी उतरला नाही, याची ती खूण आहे.

७. अध्यापन आणि व्यवहार

कार्य आणि हेतू यांच्या गल्लतीचे दोन परिणाम अध्यापकांच्या दृष्टीने गंभीर आहेत. पहिला वर्गातला. ‘निसर्गच असा आहे’ हे वाक्य पिल्लूहत्येच्या चर्चेनंतर सहज उच्चारले जाते आणि तेथून ते माणसाच्या घरातील हिंसेपर्यंत सहज पोहोचते. नराची आक्रमकता नैसर्गिक, म्हणून क्षम्य, असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी विज्ञानही चुकीचे शिकतो आणि साहित्यही. एखादे वर्तन निवडीत का टिकले याचे स्पष्टीकरण त्या वर्तनाचे समर्थन करीत नाही. शिवाय निवडीत नराचे आक्रमण टिकले तसा वृद्ध माद्यांचा प्रतिकारही टिकला. ‘निसर्ग’ म्हणून त्यांतील एकच निवडून दाखवणे ही निवड आपली असते.

दुसरा परिणाम वर्गाबाहेरचा. कोकणातील आंबा, नारळ आणि भाजीपाला पिकवणाऱ्या शेतकऱ्याला माकडांचा व वानरांचा होणारा उपद्रव खरा आहे. त्याची चेष्टा करण्याचे कारण नाही. परंतु उपाय शोधताना ‘म्होरक्याला पकडा, टोळी आपोआप जाईल’ असे म्हटले जाते. वर सांगितलेल्या संशोधनावरून तर्क केला, तर एकनर टोळीतील हुप्प्याला उचलणे म्हणजे बाहेरच्या नरांना जागा मोकळी करून देणे होय. त्यातून लढाया आणि पिल्लूहत्या घडू शकते. टोळी मात्र जाण्याचे कारण नाही, कारण ती माद्यांची आहे आणि त्यांची हद्द तीच आहे. सत्ता म्हणजे नर, हे समीकरण कादंबरीच्या वाचनात जसे दिशाभूल करते, तसेच बागेच्या राखणीतही.

या दृष्टीने पनवेल परिसरातील महाविद्यालयांना एक छोटा उपक्रम सहज करता येईल. मराठी आणि प्राणिशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांनी कर्नाळ्याच्या एखाद्या टोळीचे, तिला खाऊ न घालता आणि पुरेशा अंतरावरून, ठरावीक काळ निरीक्षण करावे आणि प्रत्येकाने दोन वृत्तांत लिहावेत : एक केवळ क्रियापदांचा, दुसरा हेतूंसह. दोन्ही वृत्तांत शेजारी ठेवले की, आपण काय पाहिले आणि काय जोडले, हे विद्यार्थ्यांना समजेल. त्यानंतर ‘सत्तांतर’ वाचल्यास लेखकाने कोठे स्वतःला आवरले आहे, ते वेगळे सांगावे लागणार नाही.

८. निष्कर्ष

‘सत्तांतर’ ही राजकीय रूपककथा म्हणून वाचता येते आणि निसर्गनोंद म्हणूनही. परंतु या दोन्हींत तिचे सामर्थ्य संपत नाही. प्राण्याच्या वर्तनाला मानवी हेतू न चिकटवता त्याची कथा सांगता येते, हे या कादंबरीने मराठीत दाखवून दिले. तिच्या शीर्षकाने वाचकाचे लक्ष प्रमुख नराकडे वळवले, पण तिच्या मजकुरात माद्यांची साखळी शाबूत आहे आणि आजच्या वर्तनशास्त्राच्या कसोटीवर तोच भाग अधिक टिकाऊ ठरतो. नव्या समीक्षेने या कादंबरीकडे वळताना गादीवर कोण आले, या प्रश्नाबरोबर टोळी कोणामुळे टिकली, हाही प्रश्न विचारला पाहिजे. त्याचे उत्तर देण्याइतका मजकूर माडगूळकरांनी लिहून ठेवला आहे.